पावसाळ्यात नकाशाच्या कोलाजला फुगे येतात. कोणता गोंद वापरू? आणि किंमत कशी धरू?

तुम्ही बडोद्याच्या जुन्या शहराचा नकाशा छापून एमडीएफवर (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) चिकटवता, वर कापड, दोरा आणि रंगाचं काम करता, आणि जून लागला की कागद फुगतो. तीन गोंद बदलून झाले म्हणता. चौथा आणू नका. फुगे गोंदातल्या पाण्याने येतात, आणि पाणी सगळ्याच पांढऱ्या गोंदांत असतं.

असंच एक काम विकल्यावर दोन महिन्यांनी माझ्याकडे परत आलं होतं. 60 × 45 सेंटीमीटर, 6 मिलिमीटर एमडीएफ. नकाशात जुन्या शहराचे चार दरवाजे, पश्चिमेला लहेरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर दरवाजा, दक्षिणेला गेंडीगेट, चारही रस्ते मधल्या मांडवीला मिळतात, आणि डाव्या कडेला विश्वामित्री नदी निळ्या दोऱ्याने शिवलेली. बोर्ड परातीसारखा आत वळला होता आणि सूरसागर तलावावर रुपयाएवढा फुगा. उकलून पाहिल्यावर तीन चुका सापडल्या, आणि तिन्ही तुमच्याही कामात असणार.

पहिली चूक ग्रेनची. कागदाचे तंतू एका दिशेने असतात, तीच ग्रेन, आणि ओला झाला की कागद त्या दिशेला आडवा वाढतो. एक टक्का वाढ धरली तरी 45 सेंटीमीटरला साडेचार मिलिमीटर. कोरडा कागद ओल्या गोंदावर ठेवला की तो बोर्डावरच वाढतो. जागा नसते, म्हणून वर उचलला जातो. तोच फुगा. ग्रेन ओळखायला त्याच कागदाचा लहान चौकोन कापून एका बाजूला ओला करा. तो वळून जी नळी होते, तिच्या लांबीची दिशा म्हणजे ग्रेन.

दुसरी चूक मागच्या बाजूची. कागद वाळताना आक्रसतो आणि बोर्ड स्वतःकडे ओढतो. मागची बाजू उघडी असेल तर ती पावसाळ्यात ओल पिऊन फुगते, म्हणजे पुढून ओढ आणि मागून ढकल. उपाय एकच: मागे तोच कागद, त्याच ग्रेनने, त्याच दिवशी. यावरून एका फ्रेमवाल्याशी माझा वर्षानुवर्षं वाद आहे. त्याचं म्हणणं, मागचं कोण बघतं, चाळीस रुपये वाया. त्याच्याकडे जाऊन आलेले माझे दोन बोर्ड वाकले, कारण त्याने फ्रेममध्ये बसेना म्हणून मागचा कागद खरवडून काढला होता. मागचा थर हा कामाचा भाग आहे, आणि फ्रेमवाल्याला तसं कागदावर लिहून द्या.

तिसरी चूक कडांची. एमडीएफ सगळ्यात जास्त ओल कापलेल्या कडेतून ओढतो. आधी दोन्ही बाजू आणि चारही कडांना अॅक्रिलिक प्रायमरचे दोन हात. जमलं तर एचडीएचएमआर बोर्ड (ओलीला टिकणारा, जास्त दाट) घ्या. महाग पडतो, पण बडोद्याच्या ऑगस्टमध्ये टिकतो.

आता मी चिकटवते कसं ते. बोर्डावर अॅक्रिलिक मीडियमचे (अॅक्रिलिक रंगात मिसळायचं बिनरंगी माध्यम) दोन हात आणि कागदाच्या पाठीवर एक, आणि रात्रभर पूर्ण वाळू द्यायचं. सकाळी कागद जागेवर ठेवायचा, वर बेकिंगचा सिलिकॉन कागद, आणि रेशमाच्या आचेवर, वाफ बंद ठेवून, इस्त्री मधून कडेकडे. मीडियम उष्णतेने मऊ होऊन धरतं. त्या क्षणी पाणी नसतंच, त्यामुळे फुगण्याचा प्रश्न येत नाही. गार होईपर्यंत वर जड पाट. मागचा कागद याच रीतीने. छपाई लेझरची घ्या. साध्या इंकजेटची शाई मीडियमखाली ओघळते. बोट ओलं करून कोपऱ्यावर घासा, रंग लागला तर तो कागद बाजूला. सिलिकॉन कागद मात्र हवाच, नाहीतर लेझरचा टोनर इस्त्रीला चिकटतो.

बाइंडरवाल्यांची मैद्याची खळ विकायच्या कामात नको. पावसाळ्यात बुरशी धरते, कसर लागते, आणि ती टाळायला घातलेला मोरचूद कागदालाच खातो. चहाने कागद जुना दिसवणंही सोडा. जुन्या नकाशाचं सोंग घेतलेला नवा कागद मला खोटा वाटतो, आणि चहातलं आम्ल कागद ठिसूळ करतं ते वेगळंच.

नदी शिवायची तर कागद चिकटवण्याआधी, पाठीला पातळ मलमल लावून. भोकं आरीने आधी पाडा, 4 मिलिमीटर अंतरावर. 2 मिलिमीटरवर पाडली तर कागद टपाल तिकिटासारखा फाटतो. मागे गाठ ठेवू नका, दोऱ्याचं टोक पसरवून चिकटवा. कापडाचे तुकडे आधी धुवून आटवून घ्या.

किमतीचं. सामान 650, फ्रेम 1100, आठ तास 250 ने 2000, बिघाडाचे 450: झाले 4200. दुकान 30 टक्के घेत असेल तर 4200 ला 0.7 ने भागा, म्हणजे 6000. पुष्कळजण 30 टक्के वर चढवून 5460 लावतात, आणि हातात 3822 येतात. कुरिअर वेगळं धरा. 75 × 60 × 12 सेंटीमीटरचं खोकं बहुतेक कुरिअरवाले तिन्ही मापांचा गुणाकार 5000 ने भागून 10.8 किलो मोजतात, आतलं काम चारच किलोचं असलं तरी. काचेऐवजी अॅक्रिलिक शीट घाला, आणि ती कागदाला टेकू देऊ नका. मध्ये 5 मिलिमीटरची पट्टी हवी.

तुम्ही विचारलं नाहीत, पण गूगलचा नकाशा छापून विकू नका. ओपनस्ट्रीटमॅपचा (लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा) घ्या आणि पाठीवर त्यांच्या योगदानकर्त्यांचं श्रेय लिहा. अख्ख्या भारताचा नकाशा करणार असाल तर सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच. परदेशी फायलींत काश्मीरची रेषा वेगळी असते, आणि तसा नकाशा प्रसिद्ध केला तर 1961 च्या कायद्याखाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे.

इस्त्रीची रीत चकचकीत फोटो कागदाला चालत नाही. खरा जुना नकाशा हाती आला असेल तर त्याला कशानेही चिकटवू नका, त्याची प्रत काढा. वर रेझिन ओतायचं असेल तर ते पावसाळा संपल्यावर. दमट हवेत त्यावर पांढरी साय येते.

जे आधीच फुगलंय ते वाचतं. फुग्यावरून जाणारा एखादा रस्ता शोधा आणि त्याच्या रेषेवर नव्या ब्लेडने सेंटीमीटरभर चीर द्या. सुई काढलेल्या सिरिंजने दोन थेंब गोंद आत सोडा, मधून चिरेकडे बोटाने दाबत बाहेर आलेला पुसा, सिलिकॉन कागद ठेवून रात्रभर वजन द्या. सूरसागरात रस्ता नाही, म्हणून मी काठाच्या रेषेवर कापलं.