जुना लॅपटॉप: विंडोज की लिनक्स?
विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, पण तेवढ्यावरून चालता लॅपटॉप भंगारात काढू नका. लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, लिनक्सचाच एक प्रकार) पेनड्राइव्हवर घ्या आणि इन्स्टॉल न करता तिथूनच चालवून बघा. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. मराठी टायपिंगही.

नवखे हमखास इथे चुकतात:
- बॅकअप न घेताच इन्स्टॉल करतात. डिस्क पुसली की फोटो गेलेच.
- रोज लागणारं सॉफ्टवेअर आधी बघत नाहीत. टॅली किंवा फोटोशॉपवर पोट असेल तर विंडोजच ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं मोफत सॉफ्टवेअर, लिनक्सवरही चालतं) मात्र आजच विंडोजवर टाका. त्यावर हात बसला की पुढचं सोपं जातं. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) वगैरे सध्या राहू द्या. प्रिंटर अडला तर मॉडेल सांगा, बघू.