केसपेपरवर यजमानांचं काम लिहून घ्या

प्रश्न : माझ्या यजमानांनी डोंबिवली एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात 15 वर्षं कंत्राटी कामगार म्हणून पावडरच्या गोण्या भरल्या. घामाने उशीचा अभ्रा पिवळा व्हायचा. ऑक्टोबर 2024 मध्ये काम सुटलं. मार्च 2025 मध्ये लघवीतून रक्त गेलं, तपासणीत मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. कंपनी म्हणते, बिडीने झालाय, आणि तो आमचा माणूसच नव्हता. काही करता येईल का?

उत्तर : ताई, करता येईल, पण मुदत चालू आहे.

आधी पगाराच्या जुन्या पावत्या काढा. ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, कपात होत असेल तर दावा ईएसआय महामंडळाकडेच करावा लागेल, मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. कपात नसेल तर 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. त्याच्या जागी नवी सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून आली, पण तुमची घटना त्याआधीची आहे. काम सुटल्यापासून दोन वर्षांत लक्षणं दिसली, तर ज्या दिवशी ती पहिल्यांदा लक्षात आली तो दिवस अपघाताचा धरतात. तिथून दोन वर्षं, म्हणजे मार्च 2027 पर्यंत अर्ज दाखल व्हायला हवा. म्हणून लघवीच्या पहिल्या तपासणीचा कागद जिवापाड जपा.

या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत मूत्राशयाच्या अस्तराचा कॅन्सर व्यवसायजन्य आजार म्हणून नाव घेऊन दिला आहे. रंग कारखान्यातल्या कामगारांना तो होतो, हे फ्रँकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी 1895 मध्येच मांडलं होतं. बेंझिडिन, बीटा-नॅफ्थिलअमाइन ही रसायनं त्यातली ठरलेली कारणं. आजार उमटायला वीस-वीस वर्षंही लागतात. मात्र यजमानांचा आजार काम सुटल्यावर दिसला, त्यामुळे तो कामामुळेच झाला हे आपल्याला सिद्ध करावं लागेल. नोकरीत असताना दिसला असता, तर तो कामामुळे नाही हे मालकाला दाखवावं लागलं असतं.

बिडी लपवू नका. बिडीनेही हा कॅन्सर होतो, हे खरं आहे. पण म्हणून 15 वर्षांची पावडर पुसली जात नाही. गोण्यांवरची रसायनांची नावं आठवतील तेवढी लिहून काढा, बरोबरच्या दोघा-तिघांचे जबाब घ्या. अभ्रा घरात असेल तर धुऊ नका. घातक प्रक्रियेतल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणं कारखान्याला बंधनकारक होतं आणि त्या पाहायचा कामगाराला हक्क आहे. त्या लेखी मागा, एक प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्या.

'आमचा माणूस नाही' या उत्तराने खचू नका. गोण्या भरणं हा कारखान्याच्याच धंद्याचा भाग आणि काम त्यांच्याच आवारात. मग 1923 च्याच कायद्याच्या कलम 12 प्रमाणे मूळ मालकही जबाबदार. गेटपास, हजेरीचं कार्ड, पीएफचा नंबर, जे सापडेल ते ठेवा.

माझ्या अनुभवात अशी प्रकरणं रुग्णालयातच अडकतात. केसपेपरवर 'व्यवसाय'पुढे नुसतं 'मजूर' लिहिलेलं असतं, नाहीतर जागा कोरीच असते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हात जोडून सांगा : 'रंग कारखाना, पावडर भरणे, 15 वर्षे' एवढं लिहा. व्यवसायजन्य कॅन्सरचा संशय आला तर सरकारला कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, जुन्या कारखाना कायद्यात होतं, कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेतही आहे. ते कळवलंत का, हेही विचारा आणि पोच मागा.

मग ठाण्याच्या कामगार न्यायालयात, नुकसानभरपाई आयुक्तांपुढे अर्ज. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी करा. तुम्ही स्त्री म्हणून अर्ज कराल तर मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट लागत नाही, आणि यजमानांच्या नावाने केलात तर औद्योगिक कामगार म्हणूनही हक्क सांगता येतो.