गावची ब्रुअरी आणि बेल्जियमची बाटली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाणेरला घरापासून दहा मिनिटांवर नवी मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागीच बिअर करून विकणारं ठिकाण, उघडली, तिथे चार वेळा गेलात, गव्हाची बिअर चारही वेळा मनासारखी लागली नाही. तेवढ्याच पैशांत वाइन शॉपमधून आणलेली शिमे ब्लूची बेल्जियन बाटली मात्र दरवेळी खूश करून जाते. तरी आपल्या गावातल्या माणसांना सोडून परदेशी बाटलीवर पैसे घालताना मनाला लागतं. मग नक्की करायचं काय?

मी पंधरा वर्षं पुण्यात मायक्रोब्रुअऱ्यांच्या बिअर पितोय आणि मधली तीन वर्षं नोकरीसाठी जर्मनीत, एरलांगेनला होतो. दोन्हींच्या जोरावर सांगतो. न आवडलेल्या बिअरचे पैसे पाठिंबा म्हणून देऊ नका. पण त्या ब्रुअरीकडे पाठ फिरवण्याआधी एक गोष्ट तपासा: तिच्याकडे ताजेपणा आहे का? जवळच्या ब्रुअरीकडे बेल्जियमच्या मठाला (तिकडे काही ख्रिस्ती मठांत बिअर करतात) न जमणारी तेवढी एकच गोष्ट असते. ती असेल तर काही प्रकारांत ती जगातल्या कुठल्याही बाटलीला हरवू शकते. नसेल तर जवळ असण्याचा उपयोग फक्त चालत घरी येण्यापुरता.

एरलांगेनच्या आजूबाजूचा मुलूख म्हणजे फ्रांकोनिया. तिथे गावागणिक ब्रुअरी आहे. आउफझेस नावाच्या जेमतेम दीड हजार वस्तीच्या गावात चार ब्रुअऱ्या आहेत, आणि त्याची गिनीज बुकात नोंद आहे. सुरुवातीला मला वाटायचं की हे लोक गावाच्या अभिमानापोटी तीच ती बिअर पितात. एका रविवारी अशाच एका गावच्या खाणावळीत बसलो होतो. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने एक घोट घेतला, मग्गा पुढे सरकवला आणि मालकाला एवढंच म्हणाला, "आज नाही." मालकाने तोच मग्गा उचलून स्वतः चव घेतली, काही न बोलता आत गेला आणि नवं पिंप फोडलं. कुणी रागावलं नाही, कुणी माफी मागितली नाही. म्हाताऱ्याने नवा मग्गा संपवला आणि दुसरा मागवला. त्या गावात ब्रुअरी टिकली आहे ती अशा गिऱ्हाइकांमुळे, हे मला त्या दिवशी कळलं. निमूटपणे पिणारं गिऱ्हाईक ब्रुअरला काहीच देत नाही.

आता ताजेपणाचं. हेफेवाइत्सन म्हणजे जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर. तिच्यात जो केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो तो यीस्ट तयार करतं, वरून काही घातलेलं नसतं. त्यातला केळ्याचा वास फार नाजूक, काही महिन्यांत विरतो. इंडिया पेल एलमधला (आयपीए) हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, संत्र्यासारखा, आंब्यासारखा वास तर त्याहून चंचल. बिअर शिळी होण्याचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. दर दहा अंशांना दुप्पट-तिप्पट, असा ढोबळ हिशेब ब्रुअर लोक सांगतात. आता त्या बाटलीचा प्रवास डोळ्यांपुढे आणा. युरोपातून कंटेनर निघाला, समुद्रमार्गे न्हावा शेव्याला आला, मे महिन्यात बंदराच्या यार्डात उभा राहिला, मग गोदाम, मग टेम्पो, मग वाइन शॉपचं काचेचं कपाट, ज्यावर दुपारी तीनला ऊन येतं. हिरव्या बाटलीतल्या बिअरवर ऊन पडलं की हॉप्समधल्या घटकाचं असं काही होतं की घाणेरडा, कुबट वास सुटतो. तपकिरी काच बऱ्यापैकी वाचवते, हिरवी जवळजवळ नाहीच. पुण्यात मी घेतलेल्या आयात पिल्सनरच्या (फिक्या, सोनेरी बिअरच्या) बाटल्यांत निम्म्याहून अधिक अशा निघाल्या असतील. लोकांना वाटतं की परदेशी बिअरची चवच तशी असते.

म्हणून गव्हाची बिअर, पिल्सनर, हेलेस, पेल एल, आयपीए हे सगळं मी इथलं पितो, आणि ते इथलंच चांगलं मिळतं. २००९ साली कोरिंथियन्स क्लबात डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली तेव्हा मी पहिल्यांदा ताजी हेफेवाइत्सन प्यायलो. तोवर माझ्यासाठी बिअर म्हणजे किंगफिशरची थंडगार बाटली आणि सोबत चकणा. गढूळ दिसणारी बिअर बघून मित्राने वेटरला बोलावून ग्लास बदलायला सांगितलं होतं! २०१४ मध्ये मुंढव्यात इंडिपेंडन्स ही ब्रुअरी आली आणि कडवट, हॉप्स भरलेली बिअर पुण्याच्या जिभेला माहीत झाली. त्यानंतर या शहरात जे काही झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

याउलट काही बिअर अशा आहेत की ज्या दूरवरून यायलाच जन्माला आल्या आहेत. तुम्ही लिहिलेली शिमे ब्लू हे त्याचं उत्तम उदाहरण: ९ टक्के अल्कोहोल, बाटलीत जिवंत यीस्ट, लेबलवर वर्ष. ती दोन-चार वर्षं ठेवली तर बिघडायच्या ऐवजी मनुका-खजुराकडे झुकते. ओर्व्हालच्या मठातली बिअर बाटलीत शिरल्यावरही तिच्यातल्या जंगली यीस्टमुळे महिन्यागणिक बदलत राहते. ब्रुसेल्सच्या आसपास होणारी ग्यूझ ही आंबट बिअर तर तिथल्या हवेतल्या जंतूंवर आंबते आणि लाकडी पिंपांत एक ते तीन वर्षं पडून असते. ती बाणेरला करा म्हणणं म्हणजे कोकणाबाहेर देवगड हापूस पिकवा म्हणण्यासारखं आहे. या बिअरवर पैसे घालताना मला कधीच अपराधी वाटलं नाही. गोव्याची हुर्राक (काजूच्या बोंडांची दारू) उन्हाळ्यात गोव्यात जाऊनच प्यायची असते, हेही त्याच नियमाचं दुसरं टोक. एखादी गोष्ट जिथे खऱ्या अर्थाने होते तिथून ती घेणं हासुद्धा त्या ठिकाणच्या माणसांना दिलेला पाठिंबाच आहे.

आणि 'स्थानिक' हा शब्दही थोडा उघडून बघायला हवा. पुण्यातल्या क्राफ्ट बिअरमधलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुतेक वेळा जर्मनीचं, हॉप्स जर्मनीचे किंवा अमेरिकेचे, यीस्ट युरोपातून पाकिटात आलेलं, आणि पाणीसुद्धा आरओमधून काढून मग हवे ते क्षार घातलेलं. उलट बिरा ९१ ही बिअर २०१५ साली बाजारात आली तेव्हा दिल्लीच्या कंपनीची असूनही बेल्जियममध्ये ब्रू होऊन येत होती. तेव्हा पत्त्यावरून काही ठरत नाही. माझ्या लेखी स्थानिक म्हणजे काय, तर ज्याने ती बिअर केली तो माणूस त्याच छपराखाली आहे, त्याला आज बोलता येतं, आणि टाकीपासून माझ्या ग्लासापर्यंतचं अंतर पन्नास फूट आहे. रोजगार आहेच. माझ्या ओळखीच्या एका ठिकाणचा माल्टचा चोथा पहाटे पिकअपमधून मुळशीकडच्या गोठ्यात जातो, म्हशी तो आवडीने खातात. हे सगळं मला मोलाचं वाटतं. पण ग्लासातली बिअर चुकली असेल तर हे सगळं मिळूनही ती सुधारत नाही.

तुमच्या बिअरचं काय चुकतंय ते तुमच्या वर्णनावरून माझ्या लक्षात आलंय असं वाटतं. तुम्ही लिहिलंय, "जिभेवर बुळबुळीत, आणि मागे पॉपकॉर्नसारखा वास." हे डायअसेटिल, म्हणजे बिअर आंबताना तयार होणारा लोण्यासारख्या वासाचा घटक. माझ्या घराजवळच्या एका ठिकाणी नेमकं हेच झालं होतं, म्हणून सविस्तर सांगतो.

शनिवारची संध्याकाळ, ठिकाण गच्च भरलेलं. गव्हाची बिअर आली. पहिल्या घोटाला थंडपणात काही कळेना. ग्लास तळव्यात धरून पाच मिनिटं बसलो. बिअर कोमट व्हायला लागली तसा वास वर आला: केळं आहे, लवंग आहे, आणि त्यांच्यावर चढून बसलेलं बटरस्कॉच. सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नवर ओततात ते पिवळं बटर असतं ना, तेच. दुसऱ्या टॅपवरचा स्टाउट, म्हणजे काळी बिअर, छोट्या ग्लासात मागवून चाखला, तो स्वच्छ होता. हा फरक महत्त्वाचा. सगळ्या टॅपना तोच वास असेल तर बहुधा नळ्या धुतलेल्या नसतात आणि त्यात जंतू वाढलेले असतात. नळ्या दर दोन आठवड्यांनी रसायनाने धुवायच्या असतात. एकाच बिअरला असेल तर गडबड टाकीत झालेली असते.

ब्रुअर तरुण मुलगा होता, बाहेर आला. मी हळू आवाजात म्हटलं, "ही बॅच लवकर काढली का?" तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, शुक्रवारी टाकी रिकामी करून मागितली होती." एवढंच. फर्मेंटेशनच्या वेळी यीस्ट डायअसेटिल तयार होण्याजोगा माल मागे सोडतं, आणि शेवटी दोन-तीन दिवस जरा उबेत ठेवलं तर तेच यीस्ट ते परत खाऊन टाकतं. ते दोन-तीन दिवस विकेंडच्या गर्दीने गिळले होते. पोराला सगळं माहीत होतं, फक्त त्याच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. मी काउंटरवर मॅनेजरला शांतपणे सांगितलं की ही बिअर मी परत करतोय, का करतोय, आणि याला तीन दिवस जास्त द्या. दीड महिन्याने गेलो. त्याच मुलाने न मागता ग्लास आणून ठेवला आणि समोर उभा राहिला. फेसावर नाक नेलं तर पिकलेल्या केळ्याशिवाय काही नाही. त्या वर्षी पुण्यात मी प्यायलेली ती सर्वांत चांगली गव्हाची बिअर होती, आणि कुठल्याही बाटलीत ती मला मिळाली नसती.

हे दरवेळी असंच होतं असं नाही. दुसऱ्या एका ठिकाणी मी तीनदा सांगितलं, तीनदा उत्तर आलं की "सर, बाकी सगळ्यांना आवडते." तिथे जाणं सोडलं. वाईट वाटलं, कारण रस्त्यापलीकडेच होतं. पण माझ्या महिन्याच्या पैशांत जी चार-पाच बिअर बसतात त्यातली एक मी अशा ठिकाणी का घालवू? ज्याला सुधारायचंय त्याच्या वाट्याचे ते पैसे आहेत.

तेव्हा तुम्ही अजून एकदा जा, पण शनिवारी नको, मंगळवार-बुधवारी जा. गर्दी नसते आणि ब्रुअर मोकळा असतो. आंबा किंवा कोकम घातलेली बिअर मागवू नका, फळाच्या आड बरंच काही लपतं. त्यांची सर्वांत साधी बिअर मागा, लागर (किंगफिशरच्या जातीची सोनेरी बिअर) असेल तर लागर. साध्या लागरमध्ये चूक लपवायला जागाच नसते. आधी चाखायला थोडी मागा, बहुतेक ठिकाणी देतात. ही बॅच टॅपवर कधी चढली ते विचारा. "पाहून सांगतो" म्हणून जो आत जाऊन वही बघून येतो तो माझ्या मते भरवशाचा. पॉपकॉर्नचा वास पुन्हा आला तर तो शब्द वापरूनच सांगा. "आवडली नाही" म्हटल्याने ब्रुअरला काही कळत नाही, "पॉपकॉर्न" म्हटलं की त्याला टाकी नंबरसकट कळतं. बाकी सगळ्यांसमोर सांगू नका, आणि वेटरवर तर मुळीच चिडू नका.

आणि त्या तीन शिमे ब्लू तुम्ही स्वयंपाकघरात फ्रीजच्या वरच्या कपाटात ठेवल्यात असं लिहिलंय. त्या आजच तिथून काढा. फ्रीजची मागची गरम हवा वरच जाते, एप्रिलमध्ये ते कपाट म्हणजे भट्टी असते. घरातली सर्वांत थंड आणि अंधारी जागा शोधा. आमच्याकडे बेडरूमच्या लोखंडी कपाटाचा तळ आहे. तिथे उभ्या ठेवा, आडव्या नको, म्हणजे यीस्ट तळाला बसेल. पिण्याआधी फ्रीजमध्ये अर्धा तास पुरे, बर्फासारखी थंड केली तर तिचं अर्धं बोलणं कळत नाही. ओतताना शेवटचं बोटभर बाटलीतच राहू द्या. एक यंदा उघडा, दुसरी पुढच्या दिवाळीत, तिसरी त्याच्या पुढच्या. यंदाची उघडाल त्याच आठवड्यात बाणेरच्या त्या ब्रुअरीची बिअरही पुन्हा चाखून बघा.