एचआरमधून कोचिंगकडे वळताना

एचआरचं काम करता करता कोचिंगकडे, म्हणजे नोकरदारांशी एकेकट्याने बोलून त्यांना स्वतःची वाट शोधायला मदत करण्याकडे, वळायचं ठरवलंत, मनापासून आवडलं. फक्त प्रमाणपत्रामागे लगेच धावू नका. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पातळीला, एसीसीला, किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. पुढच्या पातळीला, पीसीसीला, अनुक्रमे १२५ आणि ५०० तास. खरं शिक्षण त्या अनुभवाच्या तासांत होतं.

सगळ्यात नाजूक प्रश्न गोपनीयतेचा. तुम्ही एचआरमध्ये आहात, म्हणजे समोरच्याची पगारवाढ, बढती, कधी नोकरकपातीची यादीसुद्धा तुमच्या टेबलावर असते. तो मोकळेपणाने कसा बोलेल? म्हणून ज्यांच्या अप्रेझलशी, म्हणजे कामाच्या मूल्यमापनाशी, तुमचा संबंध आहे, त्यांचं कोचिंग स्वतः करू नका. बाहेरचा कोच द्या. त्याच्या साहेबांना काय कळवायचं आणि काय नाही, हे पहिल्या सत्राआधीच कोच, कर्मचारी आणि साहेब अशा तिघांनी बसून लिहून ठेवा. बोलता बोलता लैंगिक छळाची गोष्ट निघाली, तर २०१३ च्या कायद्यानुसार कंपनीच्या अंतर्गत समितीकडे कसं जायचं ते सांगा. कोचिंगमध्ये ती मिटवायला जाऊ नका.

झोप उडाली आहे, जगण्यात रस उरला नाही, असं कोणी म्हणालं तर तिथे कोचिंग थांबतं. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठून द्या. टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. तो तोंडपाठ हवा.

आणि कर्मचाऱ्यांचा ताण कमी करायला योगदिनावर खर्च करण्याआधी शिफ्टचं वेळापत्रक बघा. रात्री अकराला मेसेज टाकणारा मॅनेजर तसाच राहिला, तर ध्यानाच्या सत्रांनी काही साधत नाही. पहिलं कोचिंग त्याचंच ठरवा.