कमरेपर्यंतचं, लष्करी धाटणीचं लोकरी जॅकेट घेताना काय बघावं?

तुम्हाला जॅकेट आखूड हवंय, दिसायला लष्करी हवंय आणि हिवाळ्यात जीन्सवर रोज घालता यायला हवंय. यातल्या आखूडपणापाशीच बहुतेकजण फसतात, म्हणून आधी लांबीबद्दल.

ही जॅकेटं ज्या काळात बेतली गेली तेव्हा पँट बेंबीच्या आसपास बसायची. ब्रिटिश सैन्याचा बॅटलड्रेस ब्लाउज, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकाचं कमरेपर्यंतचं लोकरी जॅकेट, तर पाठीमागून पँटला बटणांनी अडकवलेला असे. आजची जीन्स त्याच्या दोन-तीन इंच खाली बसते. त्यामुळे जुनं अस्सल जॅकेट घातलं की कमरपट्टी आणि पँट यांच्यामध्ये शर्ट डोकावतो, आणि हात वर केला की जास्तच. छाती, खांदा, बाही सगळं बरोबर असूनही जॅकेट धाकट्या भावाचं वाटतं.

मान पुढे झुकवल्यावर मानेच्या तळाशी जे हाड वर येतं, तिथून पाठीवरून सरळ खाली, तुम्ही नेहमी घालता त्या पँटच्या वरच्या काठापर्यंत टेप लावा. त्यात दीड ते दोन इंच मिळवा. समजा माप २३ इंच आलं, तर कॉलरच्या शिलाईपासून खालपर्यंत जॅकेटची पाठ २४½ ते २५ इंच हवी. यापेक्षा आखूड मिळत असेल तर उंच कमरेची पँट घ्या, म्हणजे जिचं पुढचं माप, दोन्ही पायांच्या शिलाया मिळतात तिथपासून वरच्या काठापर्यंत, ११ इंच किंवा जास्त आहे अशी. दोन्ही जमत नसेल तर ते जॅकेट सोडून द्या. कमरपट्टी असलेल्या जॅकेटची लांबी नंतर वाढवता येत नाही, आणि पट्टी काढून खाली कापड जोडलं तर घाटच बिघडतो.

आता छाती. लेबलवरचा आकडा बाजूला ठेवा. जॅकेट बटणं लावून सपाट पसरायचं आणि एका काखेच्या शिलाईपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजून दुप्पट करायचं. शर्ट आणि पातळ स्वेटरवर घालायचं असेल तर हे माप तुमच्या छातीपेक्षा ४ ते ५ इंच जास्त हवं. जाड स्वेटर असेल तर ६. म्हणजे छाती ३८ असेल तर सपाट माप २१ ते २१½ इंच. खांद्याची शिलाई खांद्याच्या टोकावर किंवा फार तर अर्धा इंच बाहेर. खांदा चुकला तर तो दुरुस्त करण्यात पैसे घालू नका. बाही पूर्ण उसवून पुन्हा बसवावी लागते आणि जाड लोकरीत ते काम क्वचितच साफ उतरतं.

कमरपट्टीचं माप लोक घेतच नाहीत, पण रोजच्या वापरात तीच त्रास देते. पट्टी घट्ट असेल तर हात वर केल्यावर जॅकेट वर सरकतं आणि हात खाली आला तरी तिथेच अडकून बसतं. दिवसभर ते खाली ओढत राहावं लागतं. शर्टावरून कमरेचा घेर घ्या, पट्टी त्यापेक्षा एक ते दोन इंच सैल हवी. पट्टीच्या वर कापड थोडं फुगून बसतं ते तसंच बसायला हवं, कारण हात हलवायला जागा त्यातूनच मिळते. शिंप्याकडून तो फुगा काढून अंगासरशी करून घेऊ नका.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून पाच मापं मागवा: छाती, खांदा, पाठीची लांबी, बाही, आणि बटण लावलेल्या कमरपट्टीची रुंदी. ती अंगाच्या मापांशी ताडण्यापेक्षा तुमच्याकडच्या सगळ्यात नीट बसणाऱ्या जॅकेटला सपाट पसरून त्याच्याशी ताडा.

प्रकार निवडताना ही नावं लक्षात ठेवा, शोधताना उपयोगी पडतील. बॅटलड्रेसचा १९३७चा नमुना म्हणजे झाकलेली बटणं आणि चुण्यांचे खिसे. १९४०च्या काटकसरी नमुन्यात बटणं उघडी आणि खिसे साधे. १९४९च्या नमुन्याला उघडी, लॅपेलची (कोटासारखी छातीवर दुमडलेली) कॉलर आहे. आधीच्या दोन नमुन्यांची कॉलर गळ्याशी हुकने बंद होते. जीन्सवर ती जरा जास्तच गणवेशासारखी दिसते. रोजच्या वापरासाठी मी १९४९चा नमुना सुचवेन. कॅनडाचा बॅटलड्रेस ब्रिटिशांपेक्षा हिरवट रंगाचा असतो आणि कापडही अनेकदा सरस असतं. रॉयल एअर फोर्सचा निळसर करडा असतो, आणि निळ्या जीन्सवर राखाडी स्वेटरसोबत तो छान खुलतो. युद्धानंतर नेदरलँड्स, बेल्जियम, डेन्मार्क, नॉर्वे, ग्रीस यांनीही याच धाटणीचे ब्लाउज वापरले. संग्राहकांची ओढ युद्धकाळातल्या मालाकडे जास्त असल्याने हे नंतरचे तुकडे तुलनेने सहज मिळतात. नुसतं घालायचंच असेल तर तिकडे आधी बघा.

अमेरिकन बाजूला 'आइक जॅकेट', म्हणजे एम-१९४४. अमेरिकन सेनापती आयझेनहॉवरच्या नावाने ओळखलं जाणारं हे जॅकेट मुळात एम-१९४३ फील्ड जॅकेटच्या आत घालायला बेतलं होतं, म्हणून मूळ माप सैलसर. पण सैनिकांनी ते शिंप्याकडून आवळून घेतलं आणि युद्धानंतर सैन्याने ते मिरवायच्या गणवेशात घेतलं. त्यामुळे एकाच आकड्याच्या दोन जॅकेटांत छातीला मोठा फरक निघतो. लेबलवर '३८ आर' असेल तर ३८ ही अंगाची छाती आणि आर म्हणजे मध्यम उंची. एस आखूड, एल लांब. तुम्हाला लांबी कमी पडत असेल तर छातीचा आकडा वाढवू नका, त्याच छातीत एल शोधा.

कमरपट्टीची कटकटच नको असेल तर अमेरिकन नौदलाचा सीपीओ (चीफ पेटी ऑफिसर या हुद्द्याचा) शर्ट बघा. गर्द निळी लोकर, एकेरी (बिनअस्तराचं) कापड, शर्टासारखा घाट, सरळ खालची कड. लष्करी ओळख राहते आणि लांबीचा प्रश्न उरत नाही. पीकोट, म्हणजे नौदलाचा जाड लोकरी कोट, मात्र या यादीत येत नाही. तो नितंब झाकतो.

कापडाबद्दल. एम-१९४४ला १८ औंसांची सर्ज वापरली आहे, म्हणजे साधारण चौरस मीटरला ४०० ग्रॅमच्या आसपास. सर्ज तिरक्या विणीची असते, चिवट असते, पण तिच्यातून वारा शिरतो. मेल्टन ही आटवून नमद्यासारखी घट्ट केलेली लोकर. तिचे धागे दिसत नाहीत आणि वारा चांगला अडतो. बोचऱ्या वाऱ्यात चालणार असाल तर मेल्टन, नाहीतर सर्ज आणि आत स्वेटर. नव्या मालात किमान ७०-८० टक्के लोकर बघा. १५-२० टक्के नायलॉन चालेल, त्याने कापड टिकतं. ॲक्रिलिक आणि पॉलिएस्टर अर्ध्यावर गेलं की काखेत आणि खिशाच्या कडेला लवकर गोळे धरतात.

लेबल नसेल तर आतल्या शिलाईच्या दाबातून (शिलाईपलीकडे सोडलेल्या कापडातून) एक धागा काढून, चिमट्यात धरून जाळा. लोकर केस जळल्यासारखी वास देते, ज्योत बाजूला केली की विझते आणि राख बोटांत चुरडते. वितळून कडक मणी झाला तर धागा कृत्रिम आहे.

जुन्या मालाचा खरा शत्रू कसर. जॅकेट उजेडासमोर धरा. कॉलरच्या खाली, खिशाच्या झाकणामागे, काखेत आणि कमरपट्टीच्या दुमडीत जिथे उजेड पातळ झिरपतो तिथे कसरीने कापड खाल्लंय किंवा ते झिजलंय. एक-दोन बारीक छिद्रं रफूगर सहज बुजवतो. शिलाईच्या दाबातलेच धागे वापरायला सांगा, रंग जुळतो. काखेतलं कापड घामाने कुजलं असेल तर बोटांनी हलकं ताणल्यावर विरतं; असं जॅकेट घेऊ नका. छिद्रं असोत वा नसोत, जुना तुकडा कपाटात ठेवण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर जॅकेट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर कापडावर दव धरतं.

बिल्ले, पट्ट्या, हुद्द्याच्या खुणा काढून टाका. न कमावलेली खूण मिरवणं सैनिकांना खटकतं, आणि अनेक देशांत चालू गणवेश घालण्यावर कायद्याची बंधनंही आहेत. उसवताना आतल्या बाजूने टाका कापा. नंतर वाफ देऊन मऊ ब्रशने घासलं की सुईची भोकं बरीचशी मिटतात. बिल्ल्याखालचा न उडालेला रंग मात्र तसाच राहतो, त्याला इलाज नाही. पूर्वी काय चिकटवलं होतं ते घेण्याआधीच विचारा. आणि त्याच छटेची खाकी पँट टाळा, गडद डेनिम किंवा करडी फ्लॅनेल घाला.

बाही लांब असेल तर दुरुस्ती होते, पण कफला बटण असलेली बाही नुसती दुमडून चालत नाही. कफ उसवून, बाही कापून, कफ पुन्हा बसवावा लागतो, आणि बाहीची चीर आखूड होते. त्यामुळे दीड इंचापलीकडे जाऊ नका. कॉलर मानेला टोचत असेल तर आतून मऊ सुती कापड हाताने टाचून घ्या. जाड लोकरीचं टोचणं धुऊन जात नाही.

शिवूनच घ्यायचं ठरवलं तर १५० सेंटिमीटर पन्ह्याचं, चौरस मीटरला ४०० ते ४५० ग्रॅमचं पावणेदोन ते दोन मीटर कापड पुरतं. कापण्याआधी त्याला भरपूर वाफ देऊन, सपाट पसरून पूर्ण वाळू द्यायला सांगा. ही पायरी गाळली तर पहिल्याच इस्त्रीत जॅकेट आटतं आणि तुम्ही बारकाईने मोजलेली लांबी हातची जाते. सुई १०० नंबरची, टाका तीन ते साडेतीन मिलिमीटर. अस्तर निदान बाह्यांना लावाच, म्हणजे स्वेटरवरून हात सहज सरकतो.

धुणं शक्यतो टाळा. घालून झाल्यावर ब्रश करून रुंद हँगरवर टांगा आणि एक दिवस विश्रांती द्या. अस्तर किंवा आत कॅनव्हास असेल तर ड्रायक्लीन, हंगामात एकदा. एकेरी कापडाचं असेल तर लोकरीच्या सौम्य साबणात, ३० अंशांच्या आतल्या पाण्यात, न घासता बुडवून काढा आणि सपाट वाळवा. एन्झाइम असलेली पावडर वापरू नका, ती लोकरीतलं प्रथिनच खाते. घासल्याने आणि गरम-गार पाण्याच्या झटक्याने लोकर आटते, आणि ती परत सैल होत नाही.