रग्बी क्लबची संलग्नता स्थगित. मुलींच्या निवड चाचणीचं काय?

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी क्रीडाशिक्षिका आहे आणि शाळेबाहेर मुलींचा रग्बी क्लब चालवते. चार वर्षांपासून आमचा क्लब जिल्हा रग्बी संघटनेशी संलग्न आहे. दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या जिल्ह्यातल्या एका क्लबने बोलावलं म्हणून आम्ही तिथे सेव्हन्सचे (सात-सात जणींच्या संघांचे) सामने खेळून आलो. आठवड्याने सचिवांचा व्हॉट्सॲपवर निरोप आला : विनापरवानगी स्पर्धेत भाग घेतल्याने संलग्नता एक वर्षासाठी स्थगित. वर्गणीचा चेकही परत आला. १८ वर्षांखालील राज्य स्पर्धेची जिल्हा निवड चाचणी तीन आठवड्यांवर आहे आणि आमच्या ११ मुलींची नावं ते घेत नाहीत. दुसऱ्या जिल्ह्यातून खेळवावं, तर ना हरकत दाखला देत नाहीत. काही पालक म्हणतात, आपणच नवी जिल्हा संघटना काढू. काय करावं?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात दोन प्रकरणं एकाच दावणीला बांधली गेली आहेत. आधी ती सोडवून वेगळी करू. संलग्नतेचा वाद क्लब आणि संघटनेतला आहे, तो वर्षभर रेंगाळला तरी क्लब तग धरेल. अकरा मुलींना चाचणीत उतरू देणं हा निराळा प्रश्न आहे. त्याला फक्त तीन आठवडे आहेत, आणि त्यांच्यातली जी यंदा अठरा पूर्ण करेल तिला या गटात पुढचं वर्ष नाही. म्हणून सगळा जोर आधी मुलींच्या बाजूला लावा.

संघटनेला हा अधिकार येतो कुठून? सरकारने तो दिलेला नाही. वर वर्ल्ड रग्बी, तिच्याखाली रग्बी इंडिया, मग राज्य संघटना, मग जिल्हा, मग तुमचा क्लब अशी ही उतरंड आहे. प्रत्येक पायरीवर खालच्याने वरच्याचे नियम मान्य करून संलग्नता घेतलेली असते. म्हणजे हा कराराचा मामला आहे आणि करार म्हणजे संघटनेची घटना, तिची नियमावली. ती तुमच्याजवळ आहे का? पत्रात तिचा उल्लेख नाही, म्हणून विचारते. नसेल तर उद्याच मागा आणि मागणी लेखी करा. संघटनेच्या लेटरहेडवर 'महा.' किंवा 'एफ' ने सुरू होणारे नोंदणी क्रमांक छापलेले असतात. 'एफ' क्रमांक असेल तर संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली आहे. तो क्रमांक घेऊन धर्मादाय कार्यालयात नकलेचा अर्ज केला की घटना आणि पी.टी.आर.चा (सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीचा) उतारा, दोन्हीच्या प्रमाणित प्रती मिळतात.

घटना हाती आली की परवानगीचं कलम शोधा. ते असेल, तर तुमच्याकडून चूक झाली आहे आणि ती सरळ मान्य करा. रग्बीत असा नियम असण्याला कारण आहे. पूर्ण वेगात पळणाऱ्या मुलीला धरून पाडायचा हा खेळ आहे. मानेला किंवा डोक्याला मार बसला, तर मैदानावर डॉक्टर आहे का, पंच प्रशिक्षित आहे का, विमा कुणाचा, हे आधी ठरलेलं असावं लागतं. प्रकरण कोर्टात गेलं तर न्यायाधीश तुम्हालाही विचारतील : त्या दिवशी प्रथमोपचाराची सोय होती का? प्रत्येकीच्या तोंडात माउथगार्ड होता का? पालकांची लेखी संमती घेतली होती का? असेल तर ते कागद आजच फाइलला लावा.

पण चूक झाली म्हणून वाटेल ती शिक्षा, वाटेल त्या पद्धतीने देता येत नाही. लॉज व्हिक्टोरिया या फ्रीमेसन संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये सांगितलं आहे की सभासदाला काढण्याचा निर्णय योग्य होता की नाही, यात न्यायालय अपिलासारखं शिरणार नाही. मात्र निर्णय संस्थेच्या नियमांप्रमाणे झाला का, प्रामाणिकपणे झाला का आणि नैसर्गिक न्याय पाळला गेला का, हे जरूर पाहील. तुमच्या बाबतीत ना नोटीस आली, ना म्हणणं मांडायची संधी मिळाली. कार्यकारिणीचा ठराव झाला का, तेही निरोपात नाही. स्थगितीचा अधिकार घटनेने कार्यकारिणीला दिला असेल, तर एकट्या सचिवांचा व्हॉट्सॲप निरोप कोर्टात टिकणं कठीण आहे. तो निरोप पुसू नका आणि फोनही बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडून तो पुराव्यात दाखल करावा लागेल.

परत आलेल्या चेकने मला जास्त काळजी लावली. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली, त्याला मत देता येत नाही आणि तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. आज चेक परत करायचा आणि चार महिन्यांनी 'तुम्ही थकबाकीदार' म्हणायचं, ही वाट मी पाहिलेली आहे. म्हणून तेवढ्याच रकमेचा डिमांड ड्राफ्ट काढा आणि स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते फोडू नका. बंद पाकीट तसंच जपून ठेवा, ते कोर्टातच उघडलं जाऊ द्या.

आता मुलींकडे. रग्बी युनियन १९९५ च्या ऑगस्टपर्यंत जगभर अधिकृतपणे हौशी खेळ होता. नंतर वरच्या थरात पैसा आला, पण आपल्या जिल्ह्यांत तो आजही हौशीच आहे. मुलीला पगार नाही, करार नाही. तिची कमाई म्हणजे खेळण्याची संधी आणि खेळाचं प्रमाणपत्र. राज्य शासनाच्या १ जुलै २०१६ च्या निर्णयाने नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्याचे निकष आणि खेळांची यादी बदलत असते, म्हणून चालू यादी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे बघून घ्या. हे सांगते कारण वेळ आली तर कोर्टाकडे मागायचा आहे तो तात्पुरता मनाई हुकूम, म्हणजे दावा चालू असेपर्यंत संघटनेने नावं नाकारू नयेत असा आदेश. तो देताना न्यायालय तीन गोष्टी तपासतं : प्रथमदर्शनी बाजू कुणाची, हुकूम नाकारला तर अधिक गैरसोय कुणाची, आणि भरून न येणारं नुकसान होतं का. मुलगी चाचणीत धावली आणि नंतर संघटना जिंकली, तर संघटनेचं काय गेलं? मुलगी धावलीच नाही आणि नंतर जिंकली, तर तिला ते वर्ष कोण परत देणार? हीच तुमची सर्वांत बळकट बाजू आहे.

याच आठवड्यात जिल्हा संघटनेला पत्र द्या. स्थगिती क्लबची आहे, या ११ खेळाडूंवर कोणतीही शिस्तभंगाची कारवाई नाही, त्यांची नावं वैयक्तिक खेळाडू म्हणून चाचणीसाठी घ्यावीत, एवढंच मागा. सोबत जन्मदाखले आणि आधीच्या नोंदणीचे पुरावे जोडा. प्रत राज्य संघटनेला आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना पाठवा. घटनेत राज्य संघटनेकडे अपील सांगितलं असेल तर तेही त्याच दिवशी दाखल करा, नाहीतर कोर्टात पहिली हरकत तीच येईल. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात दावा आणि मनाई अर्ज लावा. मुली कायद्याने अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या आहेत, म्हणून दावा त्यांच्या नावाने, आई किंवा वडील 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) म्हणून करतील. राज्य संघटनेलाही प्रतिवादी करा, कारण संघाची यादी शेवटी ती स्वीकारते. क्रिकेट मंडळाबाबतच्या झी टेलिफिल्म्स प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालानंतर क्रीडा संघटनेविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, पण तुमच्या प्रकरणात वस्तुस्थितीचे वाद आहेत आणि तालुक्याचं कोर्ट हाताशी आहे. २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मुख्यतः राष्ट्रीय महासंघांसाठी आहे. तीन आठवड्यांच्या घाईत त्याच्याकडे बघत बसू नका.

संघटनेची वार्षिक सभा, निवडणूक, हिशेब यांत गोंधळ दिसला, तर ते धर्मादाय कार्यालयाचं काम. निवडणुकीनंतर ९० दिवसांत सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम २२ चा बदल अर्ज (पदाधिकारी बदलल्याची नोंद करण्याचा अर्ज) दाखल व्हायला हवा, आणि सभासद म्हणून तुम्हाला त्याला हरकत घेता येते. मात्र बदल अर्ज प्रलंबित आहे एवढ्यावरून निवडून आलेली समिती बेकायदा ठरत नाही. ही लढाई मुलींची चाचणी झाल्यावर लढा.

दोन गोष्टी कृपा करून करू नका. एक, भाडेकराराने पत्ता बदलून मुलींना शेजारच्या जिल्ह्यातून खेळवणं. पुढे प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते, आणि खोटा रहिवास तिथे उघडा पडला तर नोकरी जाते, शिवाय गुन्हा लागतो तो मुलीवर. दुसरी, नवी जिल्हा संघटना. नोंदणी होईल, शिक्का मिळेल, पण राज्य संघटनेची संलग्नता नसेल तर त्या शिक्क्याला मैदानावर किंमत नाही. माझ्याकडे एकदा एक कबड्डीपटू आला होता. नोकरीची ऑर्डर हातात होती, पण ज्या संघटनेचं प्रमाणपत्र होतं ती त्या वर्षी राज्य संघटनेशी संलग्नच नव्हती. त्याचे वडील दोन तास माझ्या टेबलावरचा तो कागद उलटसुलट करत बसले होते. मी त्यांना काही देऊ शकले नाही.

हुकूम मिळो वा न मिळो, चाचणीच्या दिवशी मुलींना किट घालून वेळेवर मैदानावर न्या. जन्मदाखले, पत्राची पोच आणि हुकूम असल्यास त्याची प्रमाणित प्रत जवळ ठेवा. नावं नाकारली तर वाद घालू नका, नकार लेखी मागा. तोही दिला नाही तर हजर असलेल्या दोन पालकांच्या सह्यांनिशी तारीख, वेळ आणि कोण काय म्हणालं, हे तिथल्या तिथे लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलांकडे पोचतं करा.