आत्याच्या घरी मुलगी द्यायची : रक्तगट, गोत्र आणि खऱ्या तपासण्या

प्रश्न थोडक्यात असा: निपाणीजवळचं घर, बहिणीला सख्ख्या आत्याच्या मुलाचं स्थळ. दोघांचा रक्तगट बी पॉझिटिव्ह, म्हणून शेजारीपाजारी घाबरवतायत. आजी म्हणते गोत्र वेगळं, देवक वेगळं, मग अडचण कसली? आणि काका म्हणतात, चांगल्या घराण्याचं रक्त घराण्यातच राहिलेलं बरं. तिघंही चुकतायत, पण प्रत्येकाची चूक वेगळी आहे.

रक्तगट एक असल्यानं बाळाला काहीही होत नाही. अडचण येते ती आई आरएच निगेटिव्ह (रक्तगटापुढं ‘निगेटिव्ह’ लागतं ते) आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर. त्यासाठी २८व्या आठवड्यात आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन देतात. तुमच्याकडे दोघंही पॉझिटिव्ह, तेव्हा हा विषय इथंच संपला.

गोत्र मोजतं ती बापाच्या बापाची एकच रेघ. आत्या लग्न होऊन दुसऱ्या गोत्रात गेली, पण आईबापांकडून मिळालेली जनुकं माहेरी ठेवून गेली नाही. सख्ख्या आते-मामे भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुकं सामाईक असतात, गोत्र कुठलंही असो.

हे घरी कागदावर मोजता येतं. मुलगा, आत्या, आजोबा, तुमचे वडील, बहीण अशी वाट काढा. पाच माणसं, म्हणून अर्धा पाच वेळा गुणायचा: १/३२. आजीवरून तशीच दुसरी वाट, आणखी १/३२. बेरीज १/१६. होणाऱ्या बाळाच्या जनुकांच्या इतक्या जागांवर दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता आहे. आपल्या भागात काही घरांत, विशेषतः कन्नड घरांत, अक्काची, म्हणजे थोरल्या बहिणीची, मुलगी करतात. तिथं चार माणसांच्या दोन वाटा, म्हणजे १/८. तुमच्याकडे साटंलोटं झालं असेल, म्हणजे आत्या तुमच्या सख्ख्या मामाला दिली असेल, तर तुमचाही आकडा १/८ होतो. आजी-आजोबा आपसात नात्यातले असतील तर त्या वाटाही मिळवायच्या. लोक नेमकं इथं चुकतात: एकच पिढी मोजतात आणि मागच्या दोन पिढ्यांतली नात्यातली लग्नं विसरतात.

धोका किती? कुठल्याही जोडप्याला गंभीर जन्मजात दोषाचं मूल होण्याची शक्यता साधारण २ ते ३ टक्के असते. सख्ख्या आते-मामे भावंडांत त्यात आणखी २ ते ३ टक्क्यांची भर पडते. एकेका रोगाचा हिशेब मात्र फार वेगळा निघतो. एखादा अप्रभावी रोग (जनुकाच्या दोन्ही प्रती दोषी असतील तरच होणारा) परक्यांत १०,०००त एकाला होत असेल, तर आते-मामे भावंडांच्या मुलांत तो सुमारे १,४०० मध्ये एकाला होतो, म्हणजे सातपट. थॅलेसेमियासारखा रक्ताचा आनुवंशिक रोग, जिथं समजा २५ माणसांत एक वाहक (एकच दोषी प्रत असलेला, स्वतः निरोगी) आहे, तो २,५०० मध्ये एकावरून ६०० मध्ये एकावर येतो, म्हणजे चौपट. रोग जितका दुर्मीळ, तितकं नातं भोवतं. आर्चिबाल्ड गॅरड या इंग्रज डॉक्टरच्या हे १९०२ सालीच लक्षात आलं होतं: लघवी काळी पडणाऱ्या अल्काप्टोन्युरियाच्या रुग्णांचे आईबाप वारंवार चुलत-मामे भावंडं निघत होते.

आता काकांचं ‘चांगलं रक्त’. हा विचार दिसतो तितका घरगुती नाही. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८८३ मध्ये त्याला ‘युजेनिक्स’, म्हणजे सुप्रजाजनन, असं शास्त्राचं नाव दिलं. आपल्याकडे ना. सी. फडक्यांनी १९२७ साली सुप्रजाजननाची बाजू मांडणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं, मंदबुद्धी ठरवलेल्या कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. नाझी जर्मनीत १९३३च्या कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली. क्रौर्य तर होतंच, पण गणितही चुकलेलं होतं, आणि ते तपासायचं सूत्र गणिती हार्डी आणि डॉक्टर वाइनबर्ग यांनी १९०८ मध्येच देऊन ठेवलं होतं. १०,०००त एक रुग्ण असेल तर त्याच दहा हजारांत सुमारे २०० निरोगी वाहक असतात. प्रत्येक रुग्णाची नसबंदी केली तरी त्या जनुकाचं प्रमाण निम्म्यावर यायला १०० पिढ्या लागतात, म्हणजे अडीच हजार वर्षं! जातव्यवस्था सुप्रजाजननासाठी निर्माण झाली असं म्हणणाऱ्यांना आंबेडकरांनी १९३६ सालच्या, लाहोरला न होऊ शकलेल्या भाषणात उत्तर दिलं होतं: आजच्या शास्त्रज्ञांनाही नसलेलं आनुवंशिकतेचं ज्ञान तुम्ही पूर्वजांच्या पदरी बांधताय. काकांना एवढंच सांगा की ज्याच्यात एकही दोषी जनुक नाही असं घराणं नसतं, आणि आपसात लग्नं केली की तेच दोष जोडीनं समोर येतात.

तपासण्या. आधी तीन पिढ्यांचा वंशवृक्ष: जन्मतः बहिरेपण, मतिमंदत्व, लहानपणीच गेलेली बाळं, वारंवार रक्त चढवावं लागलेलं कुणी. ‘दृष्ट लागून गेलं’ असं सांगितलेलं बाळही धरा. डाऊन सिंड्रोम मात्र यात सहसा बसत नाही, तो मुख्यतः आईच्या वयाशी जोडलेला आहे.

मग दोघांची सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी चाचणी). एमसीव्ही (तांबड्या पेशीचा आकार) ८०च्या खाली, एमसीएच (पेशीतलं हिमोग्लोबिन) २७च्या खाली आणि एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) सुमारे ३.५ ते ४ टक्क्यांच्या वर असेल तर बहुधा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे वाहक. सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक रोग त्याच एचपीएलसीत दिसतो. फसगत इथं होते: लोह कमी असेल तर एचबीए२ खाली उतरतं आणि वाहक ‘नॉर्मल’ ठरतो. म्हणून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघा, कमी असेल तर तीनेक महिने लोहाच्या गोळ्या देऊन पुन्हा तपासा. रक्त चढवलं असेल तर तीन महिने थांबा. एकच वाहक निघाला तर मुलाला मेजर, म्हणजे गंभीर, थॅलेसेमिया व्हायची भीती जवळपास नाही. दोघंही निघाले तर प्रत्येक गर्भाला २५ टक्के.

घरात आजारी मूल असेल तर जोडप्याच्या महागड्या जनुक-चाचणीआधी त्या मुलाची करा. नेमका बदल सापडला की बाकीच्यांची चाचणी स्वस्त आणि खात्रीची होते. मूल वाचण्यासारखं नसेल तर जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये २-३ मिली रक्त घेऊन डीएनए काढून ठेवायला सांगा. नुसती एक्सोम (प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांची एकत्र चाचणी) केली तर एसएमए हा स्नायूंचा रोग निसटू शकतो, त्याची चाचणी वेगळी मागा.

हे सगळं सुपारी फुटण्याआधी करा. नंतर अहवाल आला की बोलणी मुलीच्याच वाट्याला येतात. दोघंही वाहक असून लग्न झालंच, तर गर्भाची तपासणी ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन होते, किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल काढून. १९९४च्या कायद्यानं आनुवंशिक आजारासाठी याला परवानगी आहे, पण नोंदणीकृत केंद्रात, लेखी संमतीवर. मुलगा की मुलगी ते सांगणं हा गुन्हा आहे, बेळगावातही आणि कोल्हापुरातही.